गावात लाईट आहे, आपल्या वस्तीवर नाही, मग करायचं काय

कोणी सांगितलं की आमच्या गावात लाईट फार पूर्वीच आली, की पहिला प्रश्न हा विचारायचा, आली म्हणजे नेमकी कोणाकडे आली? कारण १९९७ च्या आधी सरकारी हिशोब असा होता की गावाच्या शिवारात कुठेही, कशासाठीही वीज वापरली जात असेल तर गाव विद्युतीकरण झालेलं धरायचं. म्हणजे पाटलाच्या विहिरीवर एक मोटर चालू झाली की सगळं गाव उजेडात, महारवाड्यात आणि मांगवाड्यात चिमण्या जळत असल्या तरी. नंतर २००४ मध्ये व्याख्या बदलली, त्यात निदान १० टक्के घरांत कनेक्शन पाहिजे, शाळा-ग्रामपंचायत-दवाखान्यात वीज पाहिजे आणि डीपी, म्हणजे वीज वाटणारा ट्रान्सफॉर्मर, व लाईन दलित वस्तीतही पोचलेली पाहिजे असं स्पष्ट लिहिलं. दलित वस्ती हा शब्द सरकारी व्याख्येत घालावा लागला यातच सगळं आलं. आणि २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधलं लेइसांग जोडलं गेल्यावर देशातली सगळी गावं झाली असं जाहीर झालं. गावं झाली हो, पण वाड्या, पाडे, तांडे, गायरानावरची पालं यांचं काय, ते त्या आकड्यात दिसत नाही.

तर हे पुढचं लिहितोय ते अशा लोकांसाठी, किंवा त्यांच्या वतीने धावपळ करणाऱ्या पोरापोरींसाठी. मी काही इंजिनिअर नाही, चार-पाच वस्त्यांची कागदपत्रं करून देताना जे कळलं तेवढंच सांगतो.

पहिलं काम ऑफिसात जायचं नाही, वस्तीवरून चालत निघायचं. शेवटच्या पोलपर्यंत. पावलं मोजा, रस्त्यात कोणाकोणाची शेतं लागतात ते लिहा, पोलवर नंबर रंगवलेला असेल तर फोटो काढा, डीपी कुठली ते विचारा. हे एवढ्यासाठी की पोलपासून घर साधारण ३० मीटरच्या आत असेल तर विषय फक्त सर्विस वायर आणि मीटरचा आहे, लवकर होतो. त्याच्या पुढे असेल तर नवीन पोल लागणार, म्हणजे एस्टिमेट, मंजुरी, निधी, ठेकेदार, सगळी वरात. दोन्हीचे अर्ज एकाच गठ्ठ्यात घातले की सोपी कामंही अवघड कामांच्या मागे अडकतात. एका वस्तीवर आम्ही तेच केलं, १४ घरांचे अर्ज एकत्र दिले, त्यातली पाच घरं पोलच्या अगदी शेजारची होती, ती पण सगळ्यांबरोबर थांबून राहिली. चूक आमचीच.

चालताना अजून एक बघा, ती लाईन गावठाण फीडरची आहे का शेतीच्या फीडरची. फीडर म्हणजे सबस्टेशनातून निघणारी मुख्य लाईन. हे फार लोकांना माहितीच नसतं. गावठाण फीडरवर दिवसरात्र सप्लाय असतो, शेतीच्या फीडरवर थ्री फेज आठ-आठ तास, तेही कधी दिवसा कधी रात्री पाळीने. फीडर वेगळे केले ते चांगल्यासाठीच केले, पण झालं काय, जी माणसं गावठाणात राहतात त्यांना पूर्ण वीज, आणि जी शेतात, माळावर, गायरानावर राहतात, म्हणजे धनगरवाडा, पारधी वस्ती, सालगड्याचं घर, ती शेतीच्या लाईनवर. कागदावर कनेक्शन आहे, मीटर आहे, बिल आहे, आणि पोरगी अभ्यासाला बसली की लाईट नाही. म्हणून अर्जात सरळ लिहायचं की आम्हाला गावठाण फीडरवरून किंवा चोवीस तास सप्लाय असलेल्या लाईनवरून जोडणी पाहिजे. आधी लिहिलं नाही तर नंतर बदलून घेताना नाकी नऊ येतात.

आता कागद. इथेच निम्मी माणसं गळतात. कोणीतरी सांगतं सातबारा आण, आठ-अ आण, जागा तुझ्या नावावर नाही मग मीटर कसा मिळेल, आणि माणूस परत जातो. विद्युत कायदा २००३ चं कलम ४३ काढा, त्यात शब्द आहेत जागेचा मालक किंवा भोगवटादार. भोगवटादार म्हणजे जो तिथे राहतो तो. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वीज ही मूलभूत गरज आहे, घरमालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूची वीज अडवता येत नाही, अर्जदार त्या जागेत राहतो का एवढंच बघायचं. मग राहतो हे दाखवायला काय पाहिजे, तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, म्हणजे असेसमेंट उतारा, घरपट्टीची पावती, नसेल तर रहिवासी दाखला, सोबत आधार, रेशनकार्ड, मतदार कार्ड. गायरानावरच्या घरांना ग्रामपंचायत घरपट्टी लावत नाही, कारण लावली की जागा त्यांची होईल अशी भीती. तिथे ग्रामसेवकाला नीट समजावून सांगायचं की भाऊ, वीजबिल हा मालकीचा पुरावा नाही, अतिक्रमण त्याने कायम होत नाही, आणि तसं हमीपत्र आम्ही लिहून देतो. वाद घालू नका, हमीपत्र आधीच टाईप करून खिशात ठेवा, वाद घालण्यापेक्षा त्याने पटकन काम होतं.

हे सांगताना एक गोष्ट आठवते. मागे एका वस्तीवर संध्याकाळी बसलो होतो, एका मावशींच्या घरात एकच बल्ब, वायर कुठून आली विचारलं तर बांधापलीकडच्या बंगल्यातून. एका बल्बचे आणि मोबाईल चार्जिंगचे महिन्याला ३०० रुपये, वर त्या घरी लग्न-बारसं असलं की दोन दिवस भांडी घासायला जायचं, ते पैशात धरायचं नाही. मला वाटलं यांनी अर्ज केला नसेल. मावशी आत गेल्या, पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात जुन्या अर्जांच्या तीन झेरॉक्स. एकीवरही पोच नाही. शिक्का नाही, तारीख नाही, कोणी घेतला त्याची सही नाही. म्हणजे कायद्याच्या हिशोबात त्यांनी अर्ज केलेलाच नाही.

म्हणून हे वाक्य मोठ्याने वाचा, पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घ्यायचा. कोणी म्हणालं ठेवून जा, बघतो, तर हसून म्हणायचं साहेब शिक्का मारा, मी बसतो. किंवा महावितरणच्या वेबसाईटवरून, ॲपवरून ऑनलाईन करा, तिथे अर्जाचा नंबर आपोआप पडतो. मला विचाराल तर एकट्याने जात असाल तर ऑनलाईनच बरं, आणि दहा-वीस जण असाल तर सगळ्यांनी मिळून जा, त्यातल्या निम्म्या बायका असू द्या. का ते गेल्यावर कळेल.

तारखेचं एवढं का, कारण घड्याळ तिथून सुरू होतं. केंद्राचे वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम आहेत २०२० चे, त्यात ग्रामीण भागाला नवीन जोडणीसाठी ३० दिवस होते, फेब्रुवारी २०२४ मध्ये ते १५ केले, डोंगराळ ग्रामीण भागाला ३० ठेवले. हे जिथे लाईन आहे तिथलं. पोल टाकायचे असतील तर मुदत वेगळी, ती वीज नियामक आयोग ठरवतो. आणि मुदतीत जोडणी दिली नाही तर कलम ४३ मध्येच दिवसाला १००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मी हे कोणाला धमकी म्हणून सांगत नाही, पण अर्जाच्या शेवटी कलम ४३ प्रमाणे अर्ज करत आहे एवढी एक ओळ टाकली की तो अर्ज वेगळ्या नजरेने वाचला जातो हे खरं आहे.

अर्जाआधी एक काम, तारेवर आकडा टाकलेला असेल तर काढा. मला माहितीय, हे सांगणं सोपं आहे. पण आकडा म्हणजे कलम १३५, वीजचोरी, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि एकदा केस झाली की ती बाकी भरल्याशिवाय नवीन मीटरचं नाव निघत नाही. शेजाऱ्याकडून पैसे देऊन वायर घेणंही नियमात बसत नाही, त्यात दोघंही अडकतात. आकडे टाकणाऱ्यांत मोठ्या शेतांचे मालकही असतात बरं का, पण कारवाईचा फोटो पेपरात येतो तो झोपडीचा.

पैशाचं बघू. कनेक्शनचा खर्च आणि घरात बल्ब लागेपर्यंतचा खर्च यात फार फरक आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या घरांसाठी महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना आली, १४ एप्रिल २०२१ पासून, त्यात ५०० रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत भरायची सोय. अशा योजनांच्या मुदती संपतात, वाढतात, म्हणून अर्ज करताना आज कोणती चालू आहे ते शाखा कार्यालयात विचारून घ्या. केंद्राची घरोघरी वीज द्यायची सौभाग्य योजना, सप्टेंबर २०१७ ची, ती मार्च २०२२ ला बंद झाली, तिच्या नावाने कोणी आता पैसे मागत असेल तर समजून जा. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ पासून केंद्राची पीएम-जनमन योजना आहे, त्यात राहिलेल्या घरांची वीज धरलेली आहे, आणि बाकी आदिवासी गावांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून धरती आबा अभियान. या यादीत आपला पाडा आहे का ते आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयात, आयटीडीपीत, विचारायचं. वीज ऑफिसला नसेल माहिती तरी तिथे असते.

पण हे ५०० रुपये वगैरे मीटरपर्यंतचं. आतलं वायरिंग, बोर्ड, मेन स्विच, अर्थिंग आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, हे आपल्याला करायचं असतं, आणि खरा खर्च इथे होतो. लोक वायरिंगला पैसे नाहीत म्हणून थांबतात आणि बाहेरून दिसतं की अर्जच नाही, म्हणजे यांना वीज नकोय. त्यावर उपाय म्हणजे सगळ्या वस्तीचं वायरिंग एकाच माणसाकडून करून घ्या. एकदाच गाडी येते, वायरचं बंडल एकदम घेता येतं, टेस्ट रिपोर्टला घासाघीस होते. दोन बल्ब, एक पंखा, एक प्लग, सुरुवातीला एवढंच करा. पण अर्थिंगवर पैसे वाचवू नका, पत्र्याच्या घरात तर अजिबात नाही, पावसाळ्यात पत्र्यात करंट उतरून माणसं गेलीत.

आता पोलचा विषय, म्हणजे आडव्या शेताचा. वस्तीकडे जायला दोन-तीन पोल कोणाच्या तरी शेतातून जाणार, आणि तो म्हणतो माझ्या रानातून नाही. कधी खरंच अडचण असते, ट्रॅक्टर फिरवायला त्रास होतो, ऊस लावता येत नाही. पण कित्येकदा त्याच शेतातून त्याच्या स्वतःच्या मोटरची लाईन गेलेली असते, मग अडचण पोलची नसते, पोल कोणाच्या घरापर्यंत जाणार त्याची असते. आणि वस्तीतली माणसं त्याच्याच शेतात कामाला, ती काय बोलणार.

पहिला उपाय भांडण नाही, नकाशा. पाणंद रस्ता, शिवरस्ता, झेडपीचा रस्ता, ओढ्याची कड, यातून लाईन जाते का बघा, दोन पोल जास्त लागले तरी चालतील. तलाठ्याकडून गट नकाशा घ्या, त्यावर पेनने रेघ मारा आणि अर्जाला जोडा. सर्व्हेला येणाऱ्या माणसाला तयार रस्ता मिळाला तर तो बहुतेक तोच घेतो. ते जमत नसेल आणि मालकाची हरकत असेल तर २००६ चे वीज कंपन्यांच्या कामांबद्दलचे केंद्राचे नियम आहेत, त्यात जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेऊन काम करता येतं, मालकाला नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. म्हणजे एका माणसाची नाही ही शेवटची नाही नसते. तिथे तुमचा अर्ज असा पाहिजे की हरकतीमुळे काम थांबलं आहे, तरी जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवावा. हे वाक्य तुम्ही लिहिल्याशिवाय कोणी आपणहून पाठवत नाही.

पोलचा खर्च तुमच्यावर टाकायला बघतील. वर्गणी काढा, अमुक ठेकेदाराला द्या, पंधरा दिवसांत उभे करतो. थांबा. आधी लेखी विचारा की हे काम कोणत्या निधीतून घेता येईल. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची झेडपी समाजकल्याणची योजना आहे, जिला लोक अजून दलित वस्ती सुधार म्हणतात, आदिवासी वस्तीला ठक्कर बाप्पा योजना आहे, तांड्यांना वसंतराव नाईक तांडा वस्ती सुधार योजना आहे, वर जिल्हा नियोजनचा पैसा आहे. यातल्या कशात बसतं ते बघून ग्रामसभेत ठराव घ्या. दलित वस्तीचा पैसा येतो आणि त्यात गावच्या चौकातला हायमास्ट, म्हणजे उंच दिव्यांचा खांब, उभा राहतो हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून ठरावात वस्तीचं नाव, घरांची संख्या आणि पोलची संख्या लिहून घ्या, नुसतं विद्युतीकरण करणे असं मोघम ठेवू नका.

जंगलातला पाडा असेल तर फॉरेस्टची परवानगी म्हणून फाईल वर्षानुवर्षं पडते. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा. त्यात ग्रामसभेच्या शिफारशीने शाळा, अंगणवाडी, रस्ते आणि विजेच्या तारा अशा कामांना वनजमीन वळवता येते, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत ही अट. हे डीएफओच्या, म्हणजे विभागीय वन अधिकाऱ्याच्या, पातळीवर होतं, दिल्लीला जावं लागत नाही.

काही पाड्यांवर सौभाग्यच्या काळात सोलरचा संच बसवला होता, पाच एलईडी, एक डीसी पंखा, एक प्लग, पाच वर्षं देखभाल. ती पाच वर्षं उलटली, बॅटऱ्या मेल्या, पॅनलवर आता मिरच्या वाळवतात, आणि यादीत ते घर वीज असलेलं. अशा घरांनी अर्जात संच बंद असल्याची तारीख आणि फोटो जोडून ग्रिडची, म्हणजे पोलवरच्या लाईनची, जोडणी मागायची, नाहीतर तुम्हाला आधीच दिलंय म्हणून परत पाठवतील.

मीटर बसल्यावरचं थोडं. दारिद्र्यरेषेखालच्या घरगुती ग्राहकाला वेगळा कमी दर आहे, पण वर्षाला ३६० युनिटच्या आत राहिलात तरच, म्हणजे महिन्याला ३०. बसतं का त्यात? चार ९ वॉटचे बल्ब पाच तास, एक ७५ वॉटचा पंखा आठ तास, ५० वॉटचा टीव्ही तीन तास, असं धरलं तर रोजचे ९३० वॉट-तास, महिन्याला साधारण २८ युनिट. म्हणजे दुसरा पंखा लावला की बाहेर पडलात. उन्हाळ्यात पत्र्याखाली दुसरा पंखा लागतोच, पण उजाडत्या गारव्यात पंखा बंद करायची सवय लावली तर वर्षाचा हिशोब बसू शकतो. बरं, साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला एप्रिल २०२४ पासून बिलच नाही. शेतकऱ्याला मिळालं त्याचं वाईट वाटत नाही, पण ज्याच्याकडे जमीनच नाही, विहीर नाही, तो त्या शेतकऱ्याकडे रोजाने जातो आणि घरी येऊन दोन बल्बचं बिल भरतो, एवढं डोक्यात राहतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी हे नक्की करा. दिवाळीनंतर घराला कुलूप लागतं ते थेट उन्हाळ्यात उघडतं, मधल्या महिन्यांत वापर शून्य असला तरी स्थिर आकार चालूच असतो, वर कधी अंदाजे युनिट पडतात, आणि परत येऊन बघावं तर वायर काढलेली. जायच्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, घर बंद असल्याचा अर्ज द्या, थोडे पैसे ॲडव्हान्स भरून जा, बिलावर आपला चालू मोबाईल नंबर टाका म्हणजे फडावर मेसेज येईल. वीज तोडायच्या आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, कलम ५६. नोटीस मिळाली नाही हे सांगायला त्या अर्जाची पोच उपयोगी पडते.

एवढं करून हलत नसेल तर आधी १९१२ वर तक्रार, नंबर लिहून घ्या. मग माहिती अधिकारात विचारा की माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, एस्टिमेटची प्रत द्या. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, बीपीएलला तेही नाही, ३० दिवसांत उत्तर. कित्येकदा या उत्तराची तारीख यायच्या आधीच सर्व्हेची गाडी वस्तीवर येते. त्यानेही नाही झालं तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूरला. वकील लागत नाही, मराठीत लिहिलेलं चालतं. तिथे गोष्ट लांबलचक सांगू नका, तारखांची एका पानाची यादी करा, अर्ज कधी, पोच नंबर काय, सर्व्हे कधी, कोटेशन, म्हणजे जोडणीसाठी सांगितलेली रक्कम, कधी भरलं, आणि प्रत्येक तारखेमागे एक झेरॉक्स. ज्यांनी अंगठा दिलाय त्यांच्या अंगठ्याशेजारी पूर्ण नाव लिहून साक्षीदाराची सही घ्या, नाहीतर तेवढ्यावरून कागद परत येतो. आणि मूळ कागद कोणालाही द्यायचे नाहीत, सरपंचाला नाही, मलाही नाही.